हजेरीपटावरचे नाव

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले, आणि कॉलेजात शिकणाऱ्या, दुसऱ्या एका तरुणीवर जीव जडलेल्या व त्यापायी एकाकी होत होत अखेर आयुष्याला मुकलेल्या एका मुलीची कहाणी मराठी प्रेक्षकांपुढे विलक्षण उघडपणे मांडली गेली. त्या नाटकातला बापू हा मित्राचा खराखुरा स्नेही आहे. तो तिचे ऐकून घेतो, तिला आपली खोली वापरू देतो, तिच्यासाठी धावाधाव करतो, आणि इतके करूनही तिला वाचवू शकत नाही. या नाटकाची चर्चा बहुधा मित्राच्या स्वभावाभोवती किंवा नाटककाराच्या धाडसाभोवती फिरत राहिली. परंतु एक साधा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच विचारला गेला. त्या सबंध कॉलेजात एका बापूवाचून दुसरे कोणीच नव्हते काय? तिच्यावर प्रसंग आला तेव्हा प्राध्यापक, वसतिगृहाच्या रेक्टर, कॉलेजचे कार्यालय, यांपैकी कोणाच्या दारी तिला निःशंकपणे जाता आले असते?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण असे की, पारलिंगी, समलिंगी व एकंदरीने ‘क्वीअर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आपल्या विद्यापीठांतून अलीकडे बरेच सद्भावाने बोलले जाते. चर्चासत्रे भरतात, भित्तिपत्रके लागतात, एखादा सहृदय प्राध्यापक अशा विद्यार्थ्याला आपल्या खोलीत बोलावून धीर देतो. हे सारे स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. तथापि सहृदय माणूस भेटणे हा योगायोगाचा भाग आहे. तो प्राध्यापक बदलून गेला किंवा निवृत्त झाला की त्याच्याबरोबर आधारही जातो. विद्यार्थ्याला खरी गरज असते ती दफ्तरात नोंदलेल्या, कोणीही कारकून नाकारू शकणार नाही अशा व्यवस्थेची. अनुकंपा ही व्यक्तीच्या मर्जीवर असते आणि तरतूद ही हक्काने मागता येते; या लेखाचे सारे प्रतिपादन या एका भेदावर उभे आहे.

प्रथम या विद्यार्थ्यांविषयीच थोडे स्पष्ट बोलणे इष्ट, कारण दोन निराळ्या गोष्टींची आपल्याकडे नेहमी सरमिसळ होते. जन्माच्या वेळी शरीरावरून जे लिंग नोंदले गेले, त्याहून आपण वेगळे आहोत अशी ज्याची अंतरीची ओळख, तो पारलिंगी. येथे प्रश्न आहे तो स्वतःच्या ओळखीचा. आपले प्रेम वा आकर्षण कोणाकडे वळते, हा दुसरा प्रश्न. समलिंगी आणि उभयलिंगी आकर्षण असलेली मंडळी येतात ती या दुसऱ्या वर्गात. या दोन्हींपैकी कोणतीही गोष्ट व्याधी नव्हे. समलिंगी आकर्षण जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच रोगांच्या यादीतून वगळले, आणि २०१९ साली मान्य झालेल्या नव्या वर्गीकरणात पारलिंगी असणेही मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढले.

महाराष्ट्रात हा विषय कोणी नव्याने आणला, अशी समजूत असेल तर तीही दूर केली पाहिजे. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापकपद ज्यांना सोडावे लागले, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि समलिंगी आकर्षणासारख्या विषयांवरील वाचकांच्या शंकांना त्यातून निर्भीडपणे उत्तरे दिली. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण लोकांनी प्रामाणिकपणे विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा त्या बचावातील सवाल आजही शिळा झालेला नाही.

कायद्याची वाट त्या दिवसांच्या मानाने आज बरीच मोकळी आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांना कायदेशीर मान्यता दिली, ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदा ठरवले, आणि शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी त्यांना मागासवर्गीय मानून आरक्षण द्यावे असा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा दंडविधानाच्या कलम ३७७ चा भाग त्याच न्यायालयाने रद्दबातल केला. या प्रकरणातील अर्जदारांत आयआयटीच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा एक गट होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून, पारलिंगी असण्यावरून किंवा लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याचा केलेला छळ, धाकदपटशा वा बहिष्कार हा रॅगिंगच होय, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. पुढे २०१९ साली संसदेने संमत केलेल्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील भेदभावास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रारींसाठी एक अधिकारी नेमण्याची सक्ती केली. अशा कायद्यांच्या कलमांत वेळोवेळी फेरफार होत असतात, त्यांवर वाद झडतात. परंतु भेदभाव करू नये हे मूलतत्त्व आता कोणत्याही प्राचार्याला अपरिचित असण्याचे कारण नाही.

असे असूनही या विद्यार्थ्यांची वाट अडते कोठे? बहुतेक वेळा ती अडते कार्यालयाच्या खिडकीपाशी. मुलगी म्हणून शाळेत नाव घातलेला, पण आता पुरुष म्हणून वावरणारा एखादा विद्यार्थी प्रवेशासाठी आला आहे, असे समजा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, आणि खिडकीसमोर उभा असलेला चेहरा तिसराच. कारकून दुष्ट नसतो. त्याला ऑडिटची धास्ती असते. ‘आधी बोर्डाकडून नाव दुरुस्त करून आणा,’ असे तो सांगतो. बोर्ड शाळेच्या दप्तरातील दुरुस्ती मागते, शाळा राजपत्राची प्रत मागते, आणि राजपत्रात नाव छापून आले तरी जुन्या नोंदीत हात घालण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी प्रत्येक टेबलाचे मत वेगळे निघते. एवढ्यात प्रवेशाची अखेरची तारीख उलटते. ज्याच्यावर कोणी हात उगारला नाही, ज्याला कोणी अपशब्द बोलले नाही, असा हा विद्यार्थी निव्वळ कागदाच्या अभावी शिक्षणाबाहेर राहतो.

प्रवेश मिळालाच, तर पुढचा प्रसंग वर्गातला. तास सुरू होतो, प्राध्यापक हजेरी घेऊ लागतात, आणि साठ जणांसमोर ते जुने नाव मोठ्याने पुकारले जाते. ‘हजर’ म्हणावे तर सारा वर्ग मागे वळून पाहणार. गप्प बसावे तर हजेरी बुडणार, आणि पंचाहत्तर टक्के भरली नाही म्हणून परीक्षेला बसता येणार नाही. पुष्कळ विद्यार्थी दुसरा मार्ग पत्करतात, आणि वर्षाअखेरीस त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडतो. परीक्षेच्या दालनातही तेच. पर्यवेक्षक हॉल तिकिटावरील छायाचित्र पाहतात, समोरचा चेहरा पाहतात, शेजारच्या पर्यवेक्षकाला बोलावतात, मग वरिष्ठांना बोलावणे जाते. तोवर आजूबाजूच्या बाकांवर उत्तरपत्रिकेची पहिली दोन पाने लिहून झालेली असतात.

या साऱ्यावर उपाय आहे, आणि तो खर्चाचाही नाही. विद्यापीठाच्या दप्तराचे दोन थर असतात. पदवी, गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे कागद. त्यांवरील नाव बदलण्यास विहित कागदपत्रे लागणार, हे मान्य. परंतु हजेरीपट, ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड, वसतिगृहाची यादी, ईमेलचा पत्ता, वर्गातील सूचनाफलक हा दुसरा थर सर्वस्वी संस्थेच्या अखत्यारीत आहे, आणि त्यावर विद्यार्थ्याचे वापरातले नाव घालण्यास कोणत्याही मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. एका साध्या अर्जावर ते व्हावे, जुन्या व नव्या नावाचा मेळ घालणारी नोंद एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात गोपनीय राहावी, आणि परीक्षेपूर्वी त्या अधिकाऱ्याने केंद्रप्रमुखाला तसे पत्र द्यावे, एवढी तजवीज केली की वर सांगितलेले निम्मे प्रसंग उद्भवतच नाहीत. पहिल्या थराच्या बाबतीतही हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०१५ साली एका पदवीधराच्या विनंतीवरून, नावामागील श्री-सौ.-कुमारी छापाची उपाधी टाळून, लिंगनिरपेक्ष उपाधीचे प्रमाणपत्र दिले. आकाश कोसळले नाही, आणि त्या पदवीची प्रतही उणावली नाही.

बोलण्याच्या बाबतीत आपल्या भाषेने शिक्षकाला थोडे अडचणीत टाकले आहे, हे खरे. ‘केव्हा आलास’ आणि ‘केव्हा आलीस’ यांतून एक निवडल्यावाचून मराठीत विद्यार्थ्याला हाकही मारता येत नाही. अशा वेळी तर्क लढवण्यापेक्षा, वर्गाबाहेर, दोघेच असताना, ‘तुला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?’ असे सरळ विचारावे. तेही जमत नसेल तर ‘तुम्ही केव्हा आलात?’ हा आदरार्थी प्रयोग आहेच.

नावानंतरचा प्रश्न जागेचा, आणि त्यातही प्रथम स्वच्छतागृहाचा. हा विषय सभ्य लेखात कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी अशा विद्यार्थ्याचा एक दिवस डोळ्यांपुढे आणावा. पुरुषांच्या स्वच्छतागृहात टवाळी आणि धक्काबुक्की, स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आरडाओरडा, म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत घोटभर पाणी न पिणारे विद्यार्थी आहेत. मूत्रमार्गाचे विकार त्यांना जडतात ते याच कारणाने. यासाठी भव्य बांधकाम लागत नाही. प्रत्येक इमारतीत, स्वतंत्र दार व आतून कडी असलेले, कोणालाही वापरता येईल असे एक तरी स्वच्छतागृह असावे. मदतनीसाबरोबर येणाऱ्या अपंग विद्यार्थ्याचीही त्याने सोय होते.

वसतिगृहाचा प्रश्न याहून अवघड, कारण तेथे चोवीस तास राहायचे असते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१८ साली विद्यार्थ्यांच्या मागणीवरून मुलींच्या वसतिगृहाचा तळमजला लिंगनिरपेक्ष निवासासाठी राखून ठेवला, आणि नालसारनेही २०२२ साली आपल्या एका वसतिगृहात तशीच सोय केली. दोन्ही ठिकाणी नवी इमारत उभारली नाही, असलेल्या इमारतीचा एक मजला वेगळ्या रीतीने वापरला, ही गोष्ट निधीची सबब सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. जेथे एवढेही शक्य नाही तेथे एकट्यासाठी खोली देता येते. मात्र ती मागेल त्याला द्यावी, लादू नये. सोय म्हणून दिलेली वेगळी खोली आणि वाळीत टाकण्यासाठी दिलेली वेगळी खोली बाहेरून सारखीच दिसते.

आता घराचा प्रश्न. आपल्याकडे कॉलेजची शिस्त म्हणजे ‘उद्या पालकांना घेऊन या’. इतर विद्यार्थ्याच्या बाबतीत या वाक्याने फार तर बोलणी बसतात. परंतु ज्याने आपली ओळख घरी सांगितलेली नाही अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत, रेक्टरांनी सद्हेतूने केलेला एक फोन त्याचे शिक्षण संपवू शकतो. कोणाचे पैसे थांबतात, कोणाला गावी परत नेऊन घाईघाईने लग्न लावून दिले जाते, कोणाला ‘बरे’ करण्यासाठी बुवाकडे नाहीतर डॉक्टरकडे नेतात. त्या डॉक्टरांविषयी सांगायचे तर, मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये असले ‘उपचार’ बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्यापूर्वी हा विषय समजून घेण्यासाठी स्वतः समुपदेशकापुढे बसले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याच आयोगाच्या अभ्यासक्रमात ऑगस्ट २०२४ मध्ये समलिंगी संबंध अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत पुन्हा अवतरले आणि टीका झाल्यावर तो अभ्यासक्रम काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. सुधारणा कागदावर एकदा आली म्हणजे कायमची आली असे नव्हे. तेव्हा कॉलेजच्या समुपदेशकाची निवड करताना, हा विषय त्याने अभ्यासला आहे काय, हे विचारले गेलेच पाहिजे. आणि विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, त्याच्या जिवाला धोका असल्याखेरीज, त्या खोलीबाहेर जाता कामा नये.

पैशाच्या आणि जागांच्या बाजूने काही भरीव पावले पडली आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१७ साली पारलिंगी विद्यार्थ्यांना शुल्क माफ केले. केरळ सरकारने २०१८ साली विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांत त्यांच्यासाठी प्रत्येकी दोन जादा जागा निर्माण केल्या. केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत वर्षाला १३,५०० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. परंतु जागा आहे आणि विद्यार्थी नाही, अशी स्थिती होते, तिचे कारण मागे शाळेत सापडते. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष याऐवजी ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. देशाची साक्षरता सुमारे ७४ टक्के असताना या गटाची केवळ ५६ टक्के भरली. टिंगलीने बेजार झालेले मूल सातवी-आठवीतच शाळा सोडते; विद्यापीठाची जादा जागा त्याच्यापर्यंत पोचणार कशी? म्हणून शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी बी.एड्.च्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवणे, हीसुद्धा विद्यापीठाच्या मदतीचीच एक शाखा मानली पाहिजे.

विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या संघटनांचे मोलही कमी नाही. मुंबई आयआयटीतील ‘साथी’ हा गट २०११ पासून काम करीत आहे, म्हणजे २०१८ च्या निकालाच्या कितीतरी आधीपासून. आपल्यासारखे आणखी कोणी या आवारात आहे, एवढे कळणे हीच पहिल्या वर्षाच्या मुलाला मोठी उपलब्धी असते. मात्र संस्थेने आपली सारी जबाबदारी अशा गटावर टाकून मोकळे होऊ नये. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी अभ्यास सांभाळून रात्री-बेरात्री मित्रांचे प्राणसंकट निवारीत बसावे, ही काही व्यवस्था नव्हे. शिक्षकवर्गातही अशी माणसे दिसू लागली पाहिजेत. मानबी बंद्योपाध्याय या २०१५ साली पश्चिम बंगालमधील कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या, तेव्हा देशात पारलिंगी व्यक्ती त्या पदावर प्रथमच बसली. परंतु पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांच्या असहकाराला कंटाळून त्यांनी राजीनामा पाठवल्याचे प्रसिद्ध झाले. खुर्ची देणे सोपे, खुर्चीभोवतीची माणसे बदलणे कठीण, असाच त्याचा अर्थ.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: चार विद्यार्थ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? संख्या चारच दिसते, कारण बाकीचे दिसू देत नाहीत. ज्या आवारात ओळख सांगणे धोक्याचे, तेथील मोजदाद ही धोक्याची मोजदाद असते, माणसांची नव्हे. आणि घटकाभर मानले की खरोखरच चार आहेत, तरी त्या चौघांनी शुल्क भरले आहे, प्रवेशपरीक्षा दिली आहे, आणि विद्यापीठाने त्यांना शिकवण्याचा करार केला आहे. दुसरा आक्षेप गैरफायद्याचा. वापरातले नाव लिहून मिळाले किंवा आतून कडी लावता येणारे स्वच्छतागृह मिळाले, तर त्यातून कोणता लाभ लुबाडला जाणार, हे आक्षेपकांनी एकदा तपशिलाने सांगावे.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपली मुले-भाचरे ज्या महाविद्यालयात शिकतात तेथे, येत्या प्रवेशाच्या दिवसांत, कार्यालयाच्या खिडकीपाशी चार प्रश्न विचारा. भेदभावाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव काय? हजेरीपटावर वापरातले नाव घालण्याचा अर्ज कोठे मिळतो? रॅगिंगविरोधी फलकावर २०१६ च्या दुरुस्तीचा मजकूर आणि १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक लिहिला आहे काय? समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट घरी कळवली जाते काय? आपले मूल या वर्गातले नाही अशी आपली खात्री असली, तरीही विचारा. कारण ज्याला हे प्रश्न विचारण्याची खरी निकड आहे, तो रांगेत तुमच्या मागे उभा असेल आणि त्याला ते मोठ्याने विचारता येणार नाहीत.